ठमाआत्याचं दृढीकरण

जुन्नरच्या आमच्या ख्रिस्ती देवळाचा कारभार मला लहानपणीच पाठ होता. सगळ्यांत वर मुंबईचे बिशपसाहेब. त्यांच्या खाली आर्चडीकनसाहेब, त्यांच्या खाली आमचे सोमाजी पाद्री, मग गावोगावचे उपदेशक आणि सर्वांच्या खाली, चुलीपाशी, माझी ठमाआत्या.

बाप्तिस्मा झालेल्याच्या डोक्यावर बिशपने हात ठेवून प्रार्थना केली, की ते दृढीकरण. त्याशिवाय प्रभुभोजनाची, म्हणजे देवळात येशूच्या आठवणीने वाटतात ती, भाकर मिळत नसे. हात बिशपचाच हवा, आणि बिशप यायचे तीन वर्षांतून एकदा. आत्या साठीला आलेली, खोकल्याने बेजार. मरण्याआधी एकदा त्या भोजनाला बसायचं, एवढीच तिची इच्छा.

बिशप येणार म्हणून नावांची यादी वर गेली. तीत आत्या नव्हती.

सोमाजी पाद्री म्हणाले, "बाई, तुम्ही निरगुडसरच्या मंडळीतल्या. नाव तिथून यायला हवं."

निरगुडसरचे उपदेशक जानकू मास्तर म्हणाले, "विधवा झाल्यावर त्या भावाकडं जुन्नरला गेल्या. आता आमच्या कशा?"

"मग मी हाय तरी कुनाची?" आत्याने पाद्रींना विचारलं.

"ते आर्चडीकनसाहेब ठरवतील. मी लिहितो. पण यादी गेली. पुढच्या खेपेला बघू."

"पुढच्या खेपेला थडग्यावर हात ठेवा म्हनावं."

स्वयंपाकाच्या यादीत मात्र तिचं नाव पहिलं होतं. तिच्यासारख्या मासवड्या अख्ख्या तालुक्यात कुणाला जमत नसत.

त्या दिवशी देवळात नऊ जणांचं दृढीकरण झालं, आणि आत्या पाद्रींच्या स्वयंपाकघरात तिळाचं सारण भरत होती. घंटा वाजली तेव्हा ओल्या फडक्यावरची वडी वळता वळता थांबली, मग पुन्हा वळू लागली.

जेवणानंतर बिशपसाहेब स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले. इतकं चांगलं कुणी केलं, ते पाहायला. आत्याने पदर सावरला आणि सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

माणसाच्या पाया पडायचं नाही, असा आमच्या मंडळीत सक्त नियम. "बाई, उठा!" सोमाजी पाद्री ओरडलेच. पण बिशपसाहेब या देशात पुष्कळ वर्षं काढलेले. वाकलेल्याच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो, हे ते इथेच शिकले होते. त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "देव तुला बळ देवो."

"झालं," म्हणत आत्या उठली.

पुढच्या प्रभुभोजनाला ती सगळ्यांच्या पुढे गुडघे टेकून बसली.

"बाई, तुमचं दृढीकरण झालेलं नाही," पाद्री कुजबुजले.

"हात कुनाचा व्हता?"

"बिशपसाहेबांचा."

"कुठं ठेवला?"

"डोक्यावर. पण ते स्वयंपाकघर होतं, बाई!"

"मग बिशप देवळापुरताच बिशप अस्तो व्हय, पाद्रीबाबा?"

हे ठरवणं सोमाजी पाद्रींच्या अधिकारात नव्हतं. त्यांनी तिला भाकर दिली आणि निर्णयासाठी वर पत्र धाडलं. ते आर्चडीकनसाहेबांकडे गेलं, तिथून बिशपसाहेबांकडे, आणि त्याच वाटेने खाली आलं. उत्तर पोचायला दोन वर्षं लागली. स्थानिक पाद्रींनी परिस्थिती पाहून योग्य ते ठरवावं, असं त्यात होतं. तोवर आत्या दर महिन्याला प्रभुभोजन घेत होती आणि चांगली धडधाकट झाली होती.

पत्र घेऊन सोमाजी पाद्री आमच्या घरी आले. "ठमाबाई," ते हताशपणे म्हणाले, "मी काय ठरवू?"

"आदी बसा," आत्या म्हणाली. "मासवड्या केल्यात."

ती जुन्नरची की निरगुडसरची, त्याचं उत्तर मात्र शेवटपर्यंत आलं नाही.