आजींचा ठेका आणि माझी रेघ

या, मित्रांनो, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगते. ऐकताना छातीत धस्स झाले तर हात तिथेच ठेवा, कारण गोष्ट तिथलीच आहे.

मी एक जुनी ईसीजीची पेटी आहे. घडवणाऱ्यांनी मला एकच काम दिले. हृदय प्रत्येक ठोक्याला विजेची बारीक लाट सोडते, ती कागदावर उतरवायची. आधी छोटी टेकडी, मग उंच सुळका, मग पुन्हा टेकडी. खेळाडूची रेघ संथ, घाबरलेल्या मुलाची घाईची. निराळी रेघ म्हणजे आजारच, असे नव्हे. "आमची म्हातारी खोटं बोलत नाही," दवाखान्यातल्या डॉक्टरबाई माझ्याविषयी म्हणत, आणि मी फुगून जाई.

एका सकाळी छाती जड झाली म्हणून एका आजींना त्यांची सून घेऊन आली. सिस्टरने हातापायांना चिमटे लावले. मी लिहू लागले आणि स्वतःच हादरले! टेकड्या गायब, कागदभर करवतीचे दाते!

"बाई, धावा! हृदय नुसतं थरथरतंय!" सिस्टर शॉकच्या मशीनकडे पळाली. सुनेच्या हातून पिशवी गळाली. "अहो आई!"

"ओरडतेस काय गं? आहे मी अजून!"

कागद पाहून डॉक्टरबाई पांढऱ्याफटक पडल्या. तरी त्यांनी आधी आजींचे मनगट धरले. नाडी शांत होती. मग दुसऱ्या हातावरची चादर सारली. आजींची बोटे गादीवर टपटप ठेका धरीत होती.

"आजी, हे काय?"

"भीती वाटली, म्हणून मनात देवाचं गाणं म्हणतेय. ठेक्याशिवाय जमत नाही, बाई."

"जेवतानासुद्धा ताट वाजवतात!" सून रडता रडता हसली.

"देव थोडा वेळ थांबेल. हात सैल सोडा."

हाताच्या स्नायूंचीही वीज असते; बोटांचा ठेका मी हृदयाच्या नावावर लिहिला होता! दुसरा कागद शांत निघाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, पण बाईंनी नाही. मी एकाच हृदयाच्या वेगवेगळ्या बाजू वेगवेगळ्या ओळींत लिहिते; त्यातल्या शेजारच्या तीन ओळींत सुळक्यानंतर खाली यायची रेघ वरच अडकली होती.

"हा मात्र खरा हृदयविकाराचा झटका आहे. रुग्णवाहिका बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

पुन्हा सगळे गार!

आजी वाचल्या. पुढे स्वतःच्या पायांनी येऊन माझ्यावर दोन बोटांनी ठेका धरून गेल्या.

आता नवी पेटी आली आहे. मी कोपऱ्यात, वायरींचा गुंता होऊन पडले आहे. मित्रांनो, आमचे चिमटे पुसत जा, वायरी ओढू नका. आणि कधी कुणाची रेघ पाहून काळजात चर्र झाले, तर कागद हाती असताना आधी मनगट धरणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंची आठवण ठेवा.