शंभर शब्दांच्या आतले पुढारी

"ब्रह्मदेशाच्या इतिहासाचे यापुढं दोनच कालखंड राहतील. मी लिहिण्यापूर्वीचा आणि मी लिहिल्यानंतरचा!" हंबीरराव मास्तरांनी वाईतल्या आपल्या ओसरीवरून जाहीर केलं.

"ते बघू नंतर," लीलाबाई आतून म्हणाल्या. "आधी त्या शेंगांतले खवट दाणे वेगळे काढा. काल चटणी कडू झाली होती."

इतिहासकारांनी सूप पुढं ओढलं.

झालं होतं असं, की साताऱ्याचं एक मंडळ 'आशिया चरित्रकोश' काढत होतं. नामांकित पुढारी प्राध्यापकांनी आधीच वाटून घेतले होते. उरलेसुरले निवृत्त शिक्षकांकडे आले, आणि त्यात मास्तरांच्या वाट्याला ब्रह्मदेशाचे ऊ पो लान आले. यातला 'ऊ' म्हणजे आपल्याकडच्या 'राव'सारखा मान, हे मास्तरांनी आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं. कारण त्यापलीकडं त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. एका जुन्या इंग्रजी ग्रंथात चार ओळी सापडल्या. जन्म १८९८, रंगूनला वकिली, चळवळीत नजरकैद, पुढं काही काळ पाटबंधारे मंत्री, १९६२च्या लष्करी बंडानंतर तुरुंग. मराठीत आणल्यावर याचे चाळीस शब्द भरले. मास्तरांनी ते तीनदा मोजले. एकही वाढला नाही.

अडचण इथंच होती. कोशाचा नियम असा, की शंभर शब्दांच्या आतल्या नोंदीखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं छापायची नाहीत. मास्तरांनी तीस वर्षं मुलांना पराक्रम शिकवले, पण स्वतःच्या नावावर छापील म्हणाल तर शाळेच्या अहवालातला 'पिण्याच्या पाण्याची व्यवस्था' हा एवढाच पराक्रम. आता नोंदीखाली 'ह. बा. ज.' ही तीन अक्षरं उमटणार, असं ते घाटावर सगळ्यांना सांगून बसले होते. वाचनालयानं तर सत्काराची तारीखही धरली होती. म्हणजे साठ शब्द कुठून तरी आणणं भाग होतं.

"माझ्या माहेरी ज्ञानूतात्या आहेत की," लीलाबाई म्हणाल्या. "लढाईत ते ब्रह्मदेशातच होते. विचारून या."

लीलाबाईंचं माहेर माधवनगर. एसटीत मास्तरांना मळमळतं. साताऱ्यापर्यंत त्यांनी आशियाचा विचार केला, कराडपासून पुढं फक्त लिंबाचा. माधवनगरात उतरले तेव्हा ते चरित्रकारापेक्षा चरित्रनायकासारखे दिसत होते. म्हणजे नुकतेच तुरुंगातून सुटल्यासारखे.

ज्ञानूतात्या पलटणीतून नाईक म्हणून परत आले, मग गिरणीच्या फाटकावर पहारा केला, आणि आता सोप्यात बसून गल्लीवर पहारा करत होते.

"पो लान? आवं पाव्हनं, त्येच्या दारात म्या चार महिनं हुबा व्हतो, सेहेचाळीस साली!"

मास्तरांची मळमळ गेली. "म्हणजे तुम्ही त्यांचे अंगरक्षक?"

"अंगरक्षक कशाचा? गोऱ्या सायबानं त्येला घरात डांबला व्हता. त्यो पळू नये म्हनून मी."

मास्तरांनी वहीत 'संरक्षक' असं लिहिलं. "माणूस कसा होता?"

"लय मोठा! रोज सकाळी उठून तासभर भाषान करायचा."

"कुणापुढं?"

"आरशाम्होरं. मधीच थांबून टाळ्यांला जागा ठेवायचा. कंटाळा आला का मीच वाजवायचो."

मास्तरांनी लिहिलं: 'नजरकैदेतही त्यांच्या वक्तृत्वाला लष्कराकडून उत्स्फूर्त दाद मिळे.' जेमतेम सात शब्द झाले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. खुंटीला एक छत्री टांगली होती, लाखेच्या तांबड्या मुठीची. मुठीवर वेटोळी वेटोळी ब्रह्मी अक्षरं कोरलेली. छत्रीला झेंडूचा हार होता.

"त्येचीच," तात्या हळूच म्हणाले. "सोताच्या हातानं दिली मला. धा-धा दिस झड लागायची तिकडं."

"दिली म्हंत्यात," चहा घेऊन आलेल्या तात्यांच्या पत्नी हरणाबाई म्हणाल्या.

"तू गप गं! तू व्हतीस का रंगूनला?"

"न्हवते म्हनून तर ऐकून घेतीया, आठ्ठावीस वर्सं."

मास्तरांनी हरणाबाईंकडं लक्ष दिलं नाही. इतिहासकाराला कुणाकडं लक्ष द्यायचं नाही हे आधी कळावं लागतं. छत्रीवर त्यांनी तिथंच बासष्ट शब्दांचा परिच्छेद लिहिला. 'मुसळधार पावसात या लोकनेत्यानं आपल्या मस्तकावरचं छत्र एका मराठी जवानाच्या हाती दिलं आणि आशियाई बंधुतेचा पाया घातला', वगैरे. वाईला परतेपर्यंत हात असा काही सुटला, की पो लान यांनी एक धरण बांधलं, दोन दुष्काळ हटवले आणि नोंद चारशे शब्दांवर गेली.

साताऱ्याहून संपादकांचं पत्र आलं. 'नोंद वाचनीय आहे. खरी आहे का? चरित्रनायक हयात आहेत की नाहीत, एवढंही तीवरून कळत नाही. त्यांचं स्वतःचं किंवा नातलगांचं पत्र आणावं. नपेक्षा मूळ चाळीस शब्द छापू.'

मास्तरांनी नोंदीचा इंग्रजी तर्जुमा केला आणि रंगूनला धाडला. पत्ता तात्यांनी दिला होता: रस्त्याचं नाव, पांढरं घर, दारात चिंच. पत्र पोचेल असं टपालखात्यालाही वाटलं नसावं. पण चार महिन्यांनी, नेमकं सत्काराच्या दिवशी सकाळी, उत्तर आलं. पाकिटामागं पाठवणाऱ्याचं नाव होतं: ऊ पो लान.

"आधी घरी फोडून बघा," लीलाबाई म्हणाल्या.

"अगं, नाट्य म्हणून काही असतं की नाही? सभेतच फोडणार."

तीस वर्षं मुलांना 'प्रश्न आधी नीट वाचा' म्हणून बजावणारा हा माणूस.

वाचनालयात पन्नासेक मंडळी जमली होती. प्रमुख पाहुणे म्हणून साताऱ्याचे संपादक आले होते, मांडीवर नोंदीचा कागद आणि हातात पेन्सिल घेऊन. शेजारी ज्ञानूतात्या, फेटा बांधून, मांडीवर छत्री आडवी धरून. हरणाबाई बायकांत लीलाबाईंजवळ बसल्या होत्या. मास्तरांनी पाकीट सगळ्यांना दाखवलं, फोडलं आणि ते उभ्या उभ्या मराठी करून वाचू लागले.

"प्रिय महोदय, मी जिवंत आहे."

टाळ्या पडल्या. संपादकांनी कंसात जन्मसालापुढं एक आडवी रेघ मारली.

"तुम्ही लिहिलेलं चरित्र वाचून मला फार आनंद झाला. हे गृहस्थ कोण, त्यांना भेटायला मला आवडेल. मी नऊ महिने मंत्री होतो. त्यातले पाच महिने मी माझी कचेरी शोधत होतो. धरण मी बांधलेलं नाही. उद्घाटनाला मात्र निघालो होतो, वाट चुकली."

संपादकांची पेन्सिल चालू लागली.

"दुष्काळ माझ्या काळात हटले नाहीत. एक माझ्या काळात आला."

पेन्सिल.

"आरशापुढं भाषणं करत असे, हे खरं. एवढे लक्ष देणारे श्रोते मला पुढं मिळाले नाहीत. पण लष्कर दाद देत नसे; एक शिपाई टाळ्या वाजवी, आणि तो मी लवकर थांबावं म्हणून, असा माझा समज आहे. तेवढं कोशात घालू नये."

पेन्सिल. तात्या फेटा नीट करू लागले.

मास्तरांनी संपादकांकडं वाकून हळूच विचारलं, "किती राहिले?"

"मूळचे चाळीस," संपादक कुजबुजले, "आणि छत्रीचे बासष्ट. एकशे दोन. छत्री टिकली तर तुमची आद्याक्षरं बसतात."

मास्तरांनी पत्राकडं पाहिलं. शेवटचाच परिच्छेद उरला होता. त्यांनी तो मनात वाचला आणि मग पुन्हा एकदा वाचला. पत्र घडी घालून खिशात टाकता आलं असतं. इंग्रजी कळणारे सभेत ते आणि संपादक. आणि संपादकांचा चष्मा कपाळावर होता.

"काय म्हनतोय सायेब?" तात्यांनी छत्री उभी धरून विचारलं. "छत्रीचं काय लिव्हलंय का न्हाई?"

"वाचा की मास्तर!" मागून कुणीतरी ओरडलं.

खवट दाणा चटणीत जाताना बघावा, तशा लीलाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. मास्तरांनी पत्र पुन्हा वर धरलं.

"त्या जवानाचा मला आता राग नाही. पाऊस जोराचा होता आणि 'संध्याकाळी आणून देतो' असं त्यानं खुणेनं सांगितलं होतं. त्याला माझा नमस्कार सांगावा. इकडं पुढच्या महिन्यात पावसाळा सुरू होतो आणि आता मला ओलं होणं सोसत नाही. तरी छत्री तेवढी परत पाठवावी."