एकेचाळीस बलिदानं

निवृत्त उपसंपादकाला कचेरीत सगळे कात्रीभाऊ म्हणत. दुसऱ्याच्या बातमीतली ओळ उडवताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. स्वतःच्या स्तुतीला मात्र त्यांनी कधी कात्री लावली नाही. म्हणूनच दैनिकाच्या पन्नासाव्या वर्षाच्या अंकासाठी नव्या संपादकाने बोलावलं, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून गेले.

"भाऊ, 'बलिदान' हा शब्द आपण पन्नास वर्षांत कसकसा वापरला, यावर लेख द्या. भारदस्त शब्द आहे. अगदी तुमच्यासारखा."

"माझ्यासारखा म्हणजे जुना, की वापरून गुळगुळीत झालेला?" असं म्हणत भाऊ खुशीत जुन्या अंकांच्या खोलीत शिरले.

चार दिवस त्यांनी धूळ खाल्ली. वहीत रकाने आखले: तारीख, कोण, कसा गेला, मथळा कुणाचा. शेवटचा रकाना भरणं सोपं होतं. मथळा देणाऱ्याने संग्रहातल्या प्रतीवर निळ्या पेन्सिलीने सही करायची, ही त्या कचेरीची जुनी शिस्त. चूक निघाली तर कुणाची मानगूट धरायची, ते कळावं म्हणून.

एकूण एकेचाळीस बलिदानं भरली. सैनिक नऊ. आगीत शिरलेला बंबवाला एक. स्वतःचंच भाषण लांबल्याने व्यासपीठावर घेरी येऊन गेलेला पुढारीही एक. तिथे भाऊ एकटेच हसले. उरलेले तीस कामगार. कुणी खाणीत, कुणी पडलेल्या पुलाखाली, कुणी फुटलेल्या बॉयलरजवळ गेलेला. शिडीवरून पडलेला रंगारी मात्र नुसता 'ठार'. भाऊंनी रकाने पुन्हा ताडून पाहिले. ज्या मरणाचा जाब एखाद्या बड्या माणसाला द्यावा लागला असता, तिथे हा शब्द हटकून हजर होता.

आणि त्या तिसांपैकी सतरांपुढे सही त्यांचीच होती.

सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांचं बोट थांबलं. 'कर्तव्यवेदीवर तिघांचे बलिदान'. कारखान्यात बॉयलर फुटून गेलेल्या त्या तिघांतला एक त्यांचा धाकटा मेव्हणा. बातमीदाराने त्या दिवशी आणखी एक ओळ आणली होती. तेव्हाचे संपादक म्हणाले होते, "कारखान्याची दर रविवारी पानभर जाहिरात असते, भाऊ. ही ओळ काढा. आणि तुमच्या घरचा माणूस गेलाय, मथळा तुम्हीच चांगला द्या."

भाऊंनी दिला होता. तीन मिनिटांत.

ते कात्रण घरी भिंतीवर चौकटीत होतं. भाऊ घरी पोचले तेव्हा त्याच भिंतीखाली बायको मटार सोलत बसली होती.

"झाला का लेख? की अजून शब्दच मोजताय?"

"एक ओळ राहिलीये."

"मग लिहून टाका. एका ओळीसाठी एवढं तोंड पाडायचं?"

भाऊंनी उभ्या उभ्याच ती ओळ म्हणून दाखवली. "बॉयलरचा व्हॉल्व्ह तीन महिने गंजून अडकला होता आणि कामगारांनी तसं दोनदा लेखी कळवलं होतं." मग ती आपणच कापली होती, तेही सांगितलं.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आई शेवटपर्यंत विचारायची हो. 'इतका हुशार पोरगा, काहीतरी बिघडलंय हे त्याला कळलं कसं नाही?' मी तिला तुमचं कात्रण वाचून दाखवायचे. म्हणायचे, त्यानं बलिदान दिलंय आई, असं विचारू नये. की गप्प व्हायची बिचारी." ती थांबली. "मीच गप्प केलं तिला. तुमच्या शब्दानं."

ती भांडेल, निदान ताट तरी आपटेल, अशी भाऊंची अपेक्षा होती. तेवढंही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

"दोनदा कळवलं, ते कुणी?"

"अर्जावर पहिली सही त्याचीच होती."

"म्हणजे त्याला कळलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग उठून तिने चौकट उतरवली आणि पालथी करून टेबलावर ठेवली. "हे छापा. सगळं. आणि खाली तुमचं पूर्ण नाव घाला."

'लोक काय म्हणतील' हे भाऊंच्या ओठांवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं वाक्य कापलं. टेबलाशी बसून त्यांनी वही उघडली.

"मोठ्यानं वाचत लिहा," ती म्हणाली. "मला ऐकू आलं पाहिजे."