उल्याना मावशीची किटली

प्रोकोपीने मापकाची काच हातमोज्याने पुसली आणि पुन्हा डोळे लावून बसला. साडेसात वाजून गेले, तरी सातनंतर काटा जागचा हलला नव्हता.

एकोणीस घरांच्या त्या गावात कोण केव्हा उठलं, हे त्याला गावाला वीज पुरवणाऱ्या डिझेलघरात बसल्या बसल्या कळे. सातला शाळेच्या बाई, म्हणजे काटा जरासा वर. सव्वासातला उल्याना मावशीची विजेची किटली. ती जुनाट किटली वीज अशी काही ओढे की इंजिनाचा सूरच बदलायचा. अकरा हिवाळे रोज सकाळी तो तिची वाट पाहत आला होता, कारण वाट पाहण्यासारखं त्याला दुसरं काही उरलं नव्हतं.

मावशी ऐंशीच्या घरात, एकटी. बाहेर उणे चाळीस. चालू इंजिन सोडून जायचं नाही हा नियम, आणि ते बंद पडलं तर तासाभरात पाणी गोठून गावाचे नळ फुटणार. तरी त्याने टोपी चढवली आणि धावत सुटला.

दार मावशीनेच उघडलं.

"मेले की काय, बघायला आलास?"

"हो."

"मग आत ये. थंडी घरात घेऊ नकोस."

लाकडांच्या चुलीवर काळं भांडं उकळत होतं.

"किटली का नाही लावलीस?"

"नदीच्या बर्फावरचा रस्ता सुरू होईपर्यंत डिझेल जपा, असा कागद काल दुकानावर कुणी डकवला? मी जपलं, तर तूच धावत येतोस."

तो चुलीजवळ बसला. मावशीने दूध घातलेला चहा पुढे केला.

"तुझं बरं आहे बाबा. तुला काही झालं तर दिवे जातील. घटकेत सारं गाव तुझ्या दाराशी."

प्रोकोपीने चहाचा घोट घेतला. नदीचं बर्फ फुटलं की बोटीने डिझेलघरासाठी नवं यंत्र येणार होतं. ते आपोआप चालतं, त्याला माणूस लागत नाही. जिल्ह्याचं तसं पत्र येऊन आठवडा झाला होता, पण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला एकाएकी फार एकटं वाटलं.

"उद्यापासून किटली लाव," तो म्हणाला.

"आणि डिझेल?"

"तेवढं मी बघतो."

टोपी घालून तो दाराशी थांबला.

"आणि मावशी, उन्हाळ्यानंतर दिवे चालू असले, तरी अधूनमधून माझ्याकडे कुणाला तरी पाठवत जा."