पाठीवरचा क्रूस

लाल क्रूस सात चौकटी रुंद आणि नऊ चौकटी उंच होता, आणि तो घोडेस्वाराच्या छातीवर नव्हता. पाठीवर होता, मानेखाली चार चौकटी सोडून. राजश्रीने पेन्सिलीच्या टोकाने पुन्हा मोजलं. मूळ चित्रातही तसंच होतं.

चित्र फ्रान्समधून आलं होतं. तिथल्या एका जुन्या गढीशेजारच्या दुकानाला भिंतीवर टांगायचे पडदे हवे होते. सोलापुरात, भवानी पेठेतल्या चनबसप्पांच्या कारखान्यात ते विणले जाणार होते. त्याआधी चित्र चौकटींच्या कागदावर उतरवायचं, हे राजश्रीचं काम. बी.एस्सी. झाल्यापासून ती तेच करत होती. एक चौकट चुकली की हजार पडद्यांत चुकते, म्हणून ती सावकाश करी.

दुपारी चनबसप्पांचा फोन आला.

"ताई, तो क्रूस पुढं घ्या की. माणूस लढाईला निघालाय. छाती दाखवंल का पाठ?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली. बहुतेक गोष्टींना तिचं हेच उत्तर असे.

चित्रासोबत चार पानांची माहिती होती. तिने ती वाचायला घेतली. वडील, जालिंदर, उंबऱ्याशी बसून डबा फडक्यात बांधत होते. त्यांनी मान लांब करून कागद पाहिला. गढीच्या बंद दारापुढे घोडेस्वार थांबला होता.

"कुटं चाललाय ह्यो?"

"चालला नाही, आबा. घरी परत आलाय. जाताना क्रूस छातीवर शिवायचे, परतताना पाठीवर, असं लिहिलंय. आठशे वर्षांपूर्वीचा सरदार आहे, गोतिए नावाचा. जेरुसलेमच्या लढाईला गेला, कैदेत पडला."

"मग सोताच्या दारात का थांबलाय?"

"नऊ वर्षं त्याचा काही निरोप नव्हता. आई वारली तेव्हाही हा इथं..."

ती थांबली. आबाही डब्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले.

तिचा धाकटा भाऊ यशपाल सात वर्षांपूर्वी मागाच्या कामाला सुरतेला गेला होता. दोन वर्षांनी त्याचे फोन बंद झाले. त्यानंतर आई, शालन, अठरा दिवस दवाखान्यात होती आणि रोज एकच नाव घेत होती. ती गेली तरी तो आला नाही. चार महिन्यांपूर्वी तो सोलापुरात परतला, खोली घेऊन राहिला. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत येई, तिथूनच मागे फिरे. "पोरगं आलंय," आबा एकदाच म्हणाले होते. "बघू," ती म्हणाली होती. घर तिच्या कमाईवर चालत होतं. आबांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त घरी पोटभर जेवून ते रोज दुपारी डबा घेऊन बाहेर पडत. तीही त्यात दोन भाकरी आणि शेंगाचटणी घालून देई. डबा कुणासाठी, हे दोघांपैकी कुणी बोलत नसे.

"दार उघाडलं का मग कुणी?" आबांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही." तिने शेवटचं पान उलटलं. "पण त्याचं थडगं गढीच्या आत आहे. आईशेजारी."

"म्हंजी उघाडलं की."

"हो. तसंच धरावं लागेल."

"कुणी, ते न्हाय लिवलं?"

"नाही."

आबांनी कागद जवळ ओढला. "घोडं मातुर लई बारीक काडलंस. धनी ऱ्हाऊ दे, आदी त्येलाच जेवाय घाला."

राजश्रीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. दाराच्या एका कडेला, गढीच्या भिंतीत, एक छोटी खिडकी होती. तीन चौकटींची. तिथे कुणी उभं आहे की नुसती सावली आहे, हे मूळ चित्रात कळत नव्हतं. सकाळपासून तिने ती खिडकी कोरी ठेवली होती. यशपाल कोपऱ्यावर थांबतो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, हे आबांना ठाऊक नसावं. किंवा असेलही.

तिने चनबसप्पांना फोन लावला.

"क्रूस पाठीवरच राहील. हा माणूस परत आलेला आहे."

"गिऱ्हाइकाला काय कळतंय, ताई?"

"त्यांनीच लिहून पाठवलंय."

"बरं बाई. शिकल्याल्या तुमी."

फोन ठेवून, खिडकीत कुणीतरी उभं आहे असं धरून, तिने त्या तीन चौकटी भरल्या. आबा काठी घेऊन उठले होते, डबा हातात होता.

"आबा, तो डबा ठेवा."

त्यांनी डबा उंबऱ्यावर ठेवला.

"यशपालला म्हणावं, जेवायला घरी ये. आणि येताना सामान घेऊनच ये."