हलवलेली बाटली

रंगाच्या कारखान्यात सासरे रंग दळायच्या मिलवर आणि सून तपासणीच्या खोलीत, म्हणजे लोकांना चघळायला आयताच विषय. ‘घरी सासरा सुनेच्या चहाला नावं ठेवतो, इथे सून सासऱ्याच्या रंगाला,’ म्हणून सगळे हसत. पण मागचे दोन घाणे सुनेच्याच सहीने जाडेभरडे ठरले आणि हसणं बंद झालं. साहेबांनी बजावलं होतं, तिसराही तसाच निघाला तर म्हाताऱ्याला मिलवरून काढून डबे भरायला बसवायचं.

एरवी घाण्याच्या नमुन्याची बाटली खिडकीतून आत यायची. आज तिसऱ्या घाण्याची सासरे स्वतः घेऊन आले आणि दारातच ती दोन्ही हातांनी अशी घुसळू लागले की विचारू नका.

“बाबा, हे काय?”

“तळाशी बसू नये म्हणून. मागच्या दोन्ही वेळा असंच हलवून दिलं होतं. आपल्याकडून कसूर नको.”

सुनेने बाटली त्यांच्या हातातून काढूनच घेतली. दाट रंगातून उजेड जात नाही, म्हणून तिचं यंत्र त्यातून कानाला न कळणारा आवाज सोडतं आणि तो कसा जिरला त्यावरून कणांचं माप सांगतं. पण रंगात बुडबुडे राहिले की तेच आवाज गिळतात, आणि यंत्र बापडं त्यांनाच जाडे कण समजतं.

तिने फेस बसू दिला. मग काचेच्या कांडीने हळूच ढवळून रंग यंत्रात ओतला. माप हवं तसं बारीक आलं.

“सुटलो,” सासरे स्टुलावर मटकन बसले. “मागचे दोन मात्र मीच घालवले. वय झालं, दुसरं काय.”

घरीही ते हेच सांगून बसले होते. तेव्हापासून नातवाला उचलायला गेले तरी मुलगा म्हणायचा, “राहू द्या बाबा.” आणि सूनही पुढे होऊन पोराला घ्यायची.

आता गप्प बसलं तर त्यांची मिल राहणार होती आणि हिच्या सहीचा मानही. मोह झाला तिला, खोटं कशाला बोला. तरी तिने कपाटातून मागच्या घाण्यांच्या राखून ठेवलेल्या बाटल्या काढल्या आणि न घुसळता, कांडीने ढवळून मोजल्या. दोन्ही बारीक.

“बाबा, तुमचा रंग चांगलाच होता. मी बुडबुडे मोजले.”

“अगं, त्यांची दोन्ही पिंपं वाया म्हणून ओतून दिली की आपण.”

“हो. साहेबांना आत्ता जाऊन सांगते.”

सासरे स्टुलावरून उठले.

“साहेबांना सांगशील गं,” ते म्हणाले. “आधी घरी फोन कर.”