एकदाच बुडवायचं!

मित्रांनो, मी सॉसचा एक जुना, पोचे पडलेला स्टीलचा डबा आहे. ओसाका शहरात मनोऱ्याखालच्या गल्लीत मासुयो मावशीचं तळणाचं दुकान आहे. कमळकाकडी, कांदा, कोळंबी, जे असेल ते काडीला टोचायचं, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचं आणि गिऱ्हाइकापुढे ठेवायचं. पुढचं काम माझं. गिऱ्हाइकं ओळीने बसतात त्या अख्ख्या फळीला मी एकटा, म्हणून नियमही एकच. काडी माझ्यात एकदाच बुडवायची. उष्टी काडी पुन्हा बुडवली की सगळा सॉस मोरीत!

तरुणपणी माझा काय थाट होता! मावशीच्या सासऱ्यांनी मला पत्र्याच्या कारखान्यातून मुद्दाम घडवून आणलं होतं. लोक सॉसचं कौतुक करायचे आणि मी उगाच फुगायचो. पण हल्ली उष्टं करणारे वाढले. मावशी वैतागली, तिने सॉससाठी प्लॅस्टिकच्या बाटल्या आणल्या आणि सगळ्यांना बजावलं, "आता एकाने जरी उष्टं बुडवलं, तर हा डबा भंगारात!"

माझं धाबं दणाणलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी होशिकावा नावाचे गृहस्थ आले. उत्तरेकडचे, नुकतेच निवृत्त झालेले. एकटेच प्रवासाला निघाले होते, आणि प्रवासातही टाय! रस्ता चुकून वासामागे आत शिरले होते. कमळकाकडीचा पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे मिटले. मग तीच उष्टी काडी माझ्या दिशेने निघाली.

"ओ काका! थांबा!" शेजारी बसलेले रोजचे गिऱ्हाईक कामेइ आजोबा ओरडले. "एकदाच बुडवायचं! भिंतीवर पाटी लावलीय, ती काय नक्षी आहे होय? सॉस कमी पडला तर समोर ठेवलेल्या कोबीच्या पानाने घ्यावा!"

होशिकावा लाजेने लालबुंद झाले. उठून कमरेत वाकले, "माफ करा!" आणि टाय माझ्यात. मावशीकडे वळून पुन्हा वाकले, "खरंच माफ करा!" टाय पुन्हा माझ्यात.

"दोनदा बुडवला!" मावशी झारा घेऊन पुढे आली. "संपलं! काढा त्या बाटल्या!"

"अगं, नियम उष्ट्याचा आहे," कामेइ आजोबा माझी वकिली करू लागले. "टाय काय उष्टा असतो? हो की नाही हो काका?"

मित्रांनो, नुसतं "हो" म्हटलं असतं तरी मी सुटलो असतो. पण माणूस सरळ. खाली मान घालून म्हणाले, "तसं नाही... विचारात असलो की मी टायचं टोक चावतो. लहानपणी दप्तराचा पट्टा चावायचो, ती सवय."

मावशी जी हसत सुटली, ती झारा टाकून खालीच बसली. कामेइ आजोबांना ठसका लागला. होशिकावाही हसले. म्हणाले, "गाव सोडल्यापासून आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर ओरडलं. बरं वाटलं."

मावशीने तो सॉस मोरीत ओतला, मला खसाखसा घासलं आणि ताजा सॉस भरला. त्यांचा टाय सोडवून धुवायला घेतला आणि मला त्यांच्यासमोर सरकवत म्हणाली, "बसा आता. जायची घाई करू नका."

म्हणून सांगतो मित्रांनो, दहा जणांत मिळून एकच असलेली वस्तू जिवापाड जपा, नियम कडक पाळा. पण एखादा परका चुकला, तर त्याला उठवून लावू नका. त्याच्यापुढे कोबीचं एक पान सरकवा.